तीन विटांची पायरी

भाऊजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामात साबणाच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. आमच्याकडे कामावर मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत, सगळ्यांचे मोबाइल दारावरच्या कपाटात असतात. त्यामुळे सुपरवायझर मॅडम स्वतः माझ्या टेबलापर्यंत चालत आल्या तेव्हाच काहीतरी झालंय हे मला कळलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, घरून फोन होता. तुमचे मोठे दीर... राहनाळला, दुकानातच. चहा पिता पिता." मी हातातलं खोकं पूर्ण केलं. का केलं ते सांगता येणार नाही. अर्धं टाकून उठवेना. मग बाहेर आले तर बाळाराम गाडी घेऊन उभाच होता. खारबावहून आम्हा बायकांना सकाळी गोदामात आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, हे काम त्याच्या जुन्या पिकअपचं. "वहिनी, पुढं बसा," तो म्हणाला. पण मी सवयीने मागे गेले, गाडीच्या मागच्या फाळक्याला हात लावला, डावा पाय खालच्या पायरीवर टेकवला, उजवा वर, आणि आत जाऊन बसले. गाडी अंजूरफाट्याच्या पुढे आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कशावर पाय देऊन चढले. तिथे मला रडू आलं, तोवर आलं नव्हतं.

त्याला आता सव्वा महिना झाला. मला लिहायची सवय नाही. चौथीपर्यंत शिकले, पुढे शेतावर हात लागायचे म्हणून घरी राहिले. पण बोलणं मला त्याहूनही कमी जमतं. दिवसकार्याला माणसं आली, भाऊजींबद्दल चांगलं चांगलं बोलली, आणि मी कोपऱ्यात भाज्या चिरत राहिले. माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं. ते मुलीच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहून ठेवते.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, हरिश्चंद्र. गावात हरीभाऊ. राहनाळला त्यांचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान, एका माणसाचं. खिडकीच्या जाळ्या, शटर, गोदामांचे लोखंडी जिने, कुणाच्या रिक्षाचा वाकलेला पाईप, असं सगळं करायचे. मी लग्न होऊन खारबावला आले तेव्हा आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही अशी रीत होती. ते ओटीवर आले की पदर सारखा करून आत जायचं. पुढे ती रीत गावात सगळ्यांनी सोडली. आम्ही दोघांनी सोडली नाही. मी लाजेमुळे, आणि ते बहुधा माझी लाज बघून. पण एका घरात राहायचं तर काही ना काही सांगावं लागतंच, म्हणून भाऊजींनी भिंतीशी बोलायची युक्ती काढली होती. ओटीवर उभं राहून भिंतीकडे बघत म्हणायचे, "नळाला पाणी आलंय, सांगा." किंवा, "उद्या मी लवकर निघणार, डबा नको म्हणावं." घरात दुसरं कुणी असो नसो. एकदा उंबऱ्यावर मांजर झोपलं होतं, ते आपल्यालाच सांगतायत असं वाटून उठून गेलं. मी आतून पेला स्वयंपाकाच्या ओट्यावर टेकवायचे. एकदा वाजला की होय, दोनदा वाजला की नको. माझी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, मी त्यांना ताई म्हणते, त्या डोक्याला हात लावायच्या. "माझ्या घरात टेलिफोन एक्स्चेंज हाय," म्हणायच्या, "आन बिल मात्र मना येतं."

आमचे हे भिवंडीत कापडाच्या लूमवर होते. ते आजारपणात गेले तेव्हा मुलगी सहावीत होती. वर्ष झाल्यावर मी गोदामात पॅकिंगला लागले. भाऊजी भिंतीला एवढंच म्हणाले होते, "करायचं तर करू दे. न्हाय जमलं तर घर हाय, सांगा." मला काम जमलं. हात चालायचे, तोंड चालवावं लागायचं नाही. दिवसभर कुणाशी न बोलता माणसाला काम करता येतं आणि त्याचं कौतुकही होतं, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. जमत नव्हतं ते फक्त गाडीत चढणं. बाळारामची पिकअप तेव्हाही जुनी होती, आणि माल जास्त घेता यावा म्हणून त्याने तिचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवून घेतले होते. त्यामुळे मागचा भाग माझ्या कमरेच्या वर यायचा. तरुण मुली टायरवर पाय देऊन उडी मारायच्या. म्हाताऱ्यांना दोघी वरून ओढायच्या. मी मधली. साडी सावरू की हात देऊ, हे ठरेपर्यंत गाडी हलायची. रोज दोनदा चढायचं आणि दोनदा उतरायचं. सकाळी उठल्यावर पहिला विचार कामाचा नाही, त्या फाळक्याचा यायचा.

सात वर्षांपूर्वी एका संध्याकाळी उतरताना मी पडले. उजव्या गुडघ्यावर, खडीवर. हाड मोडलं नाही पण गुडघा मडक्याएवढा झाला. डॉक्टरांनी महिनाभर घरी बसवलं. महिना संपत आला तशी सूज उतरली, पण पाय पूर्वीसारखा वर उचलेना. गोदामातून निरोप आला की पुढच्या सोमवारपासून या, नाहीतर जागा दुसरीला देऊ. बस आमच्या वेळेला नाही, रिक्षा रोज परवडणारी नाही, आणि गाडीत मी चढू शकत नव्हते. मी ठरवून टाकलं की काम सोडायचं. ताईंना तेवढं सांगितलं. मुलीला सांगितलं नाही. ती दहावीला होती. ताईंनी ते भाऊजींना सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी घरी आले, परसातून विटा उचलून आणल्या आणि ओटीपाशी रचायला लागले. एक थर, त्यावर दुसरा. मग भिंतीला म्हणाले, "ह्याच्यावर चढून बघावं. जिथवर पाय सहज जाईल तिथवर. बाळारामच्या गाडीला पायरी करतोय, माप पाहिजे, सांगा." मी पदर डोक्यावर ओढून आले. तीन थरांवर पाय गेला. त्यांनी चौथा रचला. गुडघ्यात कळ आली, पण मी गेले. त्यांनी पाचवा रचला आणि थांबले. थोरल्या दिरासमोर साडी वर धरून पाय उचलायचा याचीच मला इतकी लाज वाटत होती की हे लवकर संपावं एवढंच मनात होतं. नको म्हणायला हातात पेलाही नव्हता. मी दात आवळून पाचव्या थरावर चढले आणि लगेच आत निघून गेले. भाऊजींनी पाच विटांची उंची दोरीवर धरली, दोरीला गाठ मारली, आणि ती खिशात घालून गेले. टेप होता त्यांच्याकडे. पण माणसाचं माप दोरीनेच घ्यायचे. टेपवर आकडा लक्षात राहतो, दोरीवर माणूस लक्षात राहतो, असं ताईंना म्हणायचे.

रविवारी बाळारामची गाडी आमच्या अंगणात लागली. राहनाळच्या दुकानासमोर रस्त्याचं काम चाललं होतं, गाडी उभी करायला जागा नव्हती, म्हणून भाऊजींनी वेल्डिंगचं मशीन घरी आणलं. बाळाराम आधी म्हणत होता की बाजारात तयार पायऱ्या मिळतात, त्या बसवू. भाऊजी गाडीखाली आडवे पडून हातोडीने चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाजवून बघत होते. खाडीच्या वाऱ्याने लोखंड कुठे खाल्लंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. खालूनच म्हणाले, "ह्या गाडीचं माप आता कंपनीलाबी आठवत नसेल. बाजारातली पायरी हिला बसायची न्हाय." चेसीला वेल्डिंग मारायचं नाही हे त्यांचं पक्कं होतं. तिथे वेल्डिंगची आच लागली की लोखंड पुढे तिथूनच तुटतं, म्हणून ते चेसीला क्लॅम्प आवळायचे आणि पायरी त्या क्लॅम्पला जोडायचे. दीड इंची दोन पाईप शेजारी शेजारी, मधे आडव्या पट्ट्या, म्हणजे चपलेचा चिखल खाली पडून जाईल. दोन्ही दरवाजांखाली एकेक, आणि मागे फाळक्याखाली गाडीच्या रुंदीएवढी एक.

मग त्यांनी आमच्या गाडीतल्या सगळ्या बायकांना निरोप पाठवला की रविवारी चार वाजता येऊन गाडीत बसा. रिकाम्या गाडीवर माप घेतलं तर गाडी भरल्यावर पायरी खाली जाते आणि गोदामाच्या उतारावर घासते, असं त्यांचं म्हणणं. बायका नटूनथटून आल्या, जशी काही वरात होती. आमच्यातली सगळ्यात मोठी पारूबाय मधे बसली आणि तिने तोंड सोडलं.

"हरीभाऊ, आमाला जोखून घेतोस का काय?"

गाडीखालून आवाज आला, "तू जरा डावीकडं सरक, पारू. गारी तुझ्याकडं कलंडलीय."

"बग गो, रविवारी बोलावून आमची लाज काढतो."

"तुझी न्हाय, पाट्यांची काढतोय. हलू नको."

सगळ्या हसल्या. मी दाराआडून बघत होते. भाऊजींनी खिशातून गाठीची दोरी काढली, जमिनीपासून वर धरली, आणि खडूने खूण केली. ती माझी पाच विटांची गाठ होती. तेव्हाच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. इतकी माणसं होती.

सोमवारी सगळ्या जणी त्या पायरीवर पाय देऊन टपाटप वर गेल्या. पारूबायला पहिल्यांदाच कुणी ओढलं नाही, ती तिथेच वळून सगळ्यांना दाखवत होती. मी सगळ्यात शेवटी राहिले. पाय उचलून बघितला, जाईना. मग कुणी बघत नाहीसं पाहून पायरीवर पाय न ठेवता डावा गुडघा टेकवला, फाळका धरला आणि रांगत आत गेले. संध्याकाळी तसंच. मंगळवारी तसंच. कामावर गेले हे खरं, पण माझ्यासाठी एवढा खटाटोप झाला आणि तो माझ्याच खोटेपणामुळे वाया गेला, हे मनाला खात होतं. आता तर काम सोडायलाही तोंड राहिलं नव्हतं.

भाऊजी नवीन काम केलं की आठ दिवस रोज बोल्ट तपासायचे. बुधवारी सकाळी, गाडी यायच्या आधी, ते ओटीवर येऊन भिंतीसमोर उभे राहिले. "पायरीवर धुळीत चपलांचे ठसे हायत," ते म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात एक गोल ठसा हाय. चपलेचा न्हाय, गुडघ्याचा. गुडघ्यानंच चढायचं होतं तर पायरी कशाला केली, विचारा." आत मी पेला हातात धरून उभी. होय का नको, काय वाजवणार? ताई चुलीपाशी... म्हणजे आता गॅस आहे पण आम्ही चूलच म्हणतो... तिथे बसल्या होत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या.  मग भाऊजी आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "माझंच चुकलं. मी समोर उभा राहिलो. आता मी पाठ करून उभा राहतो. तिची ताई विटा रचून मोजेल. खरं सांगावं म्हणावं."

आणि खरंच, एवढा मोठा माणूस, अंगणात भर सकाळी शेजारच्या घराकडे तोंड करून उभा राहिला. शेजारचे विचारायला लागले, काय हरीभाऊ, काय बघताय? तर म्हणाले, "तुमची जाली सडलीय, ती बघतोय." ताईंनी विटा रचल्या. एक, दोन, तीन. तिसऱ्याला पाय सहज गेला. चौथ्याला मी नको म्हणून मान हलवली. ताई ओरडल्या, "तीन!" भाऊजींनी पाठमोरेच दोरी मागे धरली, ताईंनी माप घेऊन गाठ मारली.

पण तीन विटांवर लोखंडी पायरी लावली की ती भरल्या गाडीत उतारावर घासणार, हे भाऊजींनाच सगळ्यात जास्त माहीत होतं.  शनिवारी भिवंडीत एका लूमच्या कारखान्यातून त्यांनी मोटारीचा जुना पट्टा आणला, जाड, कापड भरलेल्या रबराचा, हातभर रुंदीच्या चाकावर फिरतो तसला. त्याचे दोन तुकडे कापले. मागच्या पायरीच्या डाव्या कोपऱ्याखाली ते टांगले आणि त्यांच्या खालच्या टोकांना एक छोटी पायरी लावली, एका पावलाएवढी. लोखंड उतारावर आपटलं तर वाकतं, पट्टा आपटला तर मागे जातो आणि परत जागेवर येतो. आणि पाय दिला तर तो खाली जात नाही, कारण वजन सरळ खाली येतं. त्या पायरीवर त्यांनी वेल्डिंगचे बारीक बारीक थेंब सोडले, तांदळाच्या दाण्यासारखे, चप्पल घसरू नये म्हणून. वरच्या मोठ्या पायरीवर नव्हते. लाल रंगाचा हात दिला, त्यावर काळा.

रविवारी संध्याकाळी बाळाराम गाडी न्यायला आला. अंगणात आम्ही चौघंच. भाऊजी फाळक्याच्या एका बाजूला तोंड फिरवून उभे. मी डावा पाय त्या छोट्या पायरीवर ठेवला, उजवा मोठीवर, आणि आत गेले. कुठे ओढावं लागलं नाही, कुठे दुखलं नाही. वरून अंगण वेगळंच दिसत होतं. तेव्हा भाऊजींनी, भिंतीला नाही, मांजराला नाही, तोंड फिरवलेलंच ठेवून पण मलाच विचारलं,

"दुखतंय का?"

मी हाताशी पेला शोधला. गाडीत कुठला पेला. मग म्हणाले, "नाही."

तीस वर्षांत आमचं थेट बोलणं एवढंच झालं.

त्या पायरीवरून मी सात वर्षं कामावर गेले. मुलगी दहावी झाली, बारावी झाली, आता ठाण्याला दवाखान्यात नोकरी करते. तिच्या पहिल्या दिवशी मी तिला स्टेशनवर सोडायला गेले आणि तशीच गाडीत चढून माझ्या कामावर गेले. हे सगळं एका पायरीने झालं असं म्हटलं तर लोक हसतील. पण त्या सोमवारी मी घरी बसले असते तर पुन्हा बाहेर पडले नसते, हे मला माझ्या स्वभावावरून माहीत आहे. भाऊजींनी मला कधी धीर दिला नाही, समजावलं नाही. माझ्या पायाला जेवढं जमतं तेवढ्या उंचीवर लोखंड आणून ठेवलं. गाडीतल्या मुली त्या पायरीला चुकूनही पाय लावत नाहीत. नवीन कुणी आली आणि तिने लावला तर पारूबाय ओरडते, "ती न्हाय गो, ती तिची हाय."

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर गेले तर पायरी एका बाजूला कलली होती. डावा पट्टा अर्धा फाटला होता. बाळाराम म्हणाला, "वहिनी, ह्या दसऱ्याला बदलायचे राहिले. तेव्हा हरीभाऊंची तब्येत बरी नव्हती ना." मी विचारलं, काय बदलायचे? तेव्हा त्याने सांगितलं. भाऊजी दर दसऱ्याला सकाळी गाडीपाशी जायचे, ते आम्हाला वाटायचं पूजेला, हार घालायला. हत्यारांची पूजा झाली की ते गाडीखाली शिरून दोन्ही पट्टे नवे बसवायचे आणि मग हार घालायचे. सहा वर्षं. मी रोज त्यावर पाय ठेवत होते आणि पट्टा कधी जुना होत नाही याचं मला कधी नवल वाटलं नाही.

मागच्या रविवारी ताई, मी आणि बाळाराम राहनाळला गेलो. चावी ताईंकडे होती. भाऊजींच्या दुकानात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. शटर त्यांनीच बनवलेलं, एका हाताने वर गेलं. आत सगळं जागच्या जागी. काळा चष्मा खिळ्याला, खडू डब्यात, चहाचा पेला कुणीतरी धुऊन दाराशी पालथा घातलेला. भाऊजी ज्या स्टुलावर गेले त्याकडे न बघता ताई उभ्या राहिल्या. मागच्या भिंतीवर एका खिळ्याला तारेत ओवलेले पट्ट्याचे तुकडे टांगले होते. मापात कापलेले, भोकं पाडलेले, फक्त बोल्ट घालायचे बाकी. तीन जोड्या. नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक तुकड्यावर खडूने तीन आडव्या रेघा ओढलेल्या होत्या. शेजारीच गाठीची दोरी. बाळारामला त्या रेघांचं काही कळलं नाही. ताईंना कळलं, त्यांनी तोंडाला पदर लावला.

बाळारामने तिथेच रस्त्याच्या कडेला गाडी लावून एक जोडी बसवली. उरलेल्या दोन जोड्या मी परत त्याच खिळ्याला टांगल्या. मग बाहेर आले, डावा पाय खाली ठेवला. दाणे चपलेखाली लागले. उजवा वर, आणि आत. वरून दुकानाच्या आतली ती मागची भिंत सरळ समोर दिसत होती. रस्त्यावर माणसं होती, ट्रक जात होते, बाळाराम हात पुसत उभा होता. एरवी मी बोलले नसते.

"पट्टा बसला," मी भिंतीला म्हटलं. "दुखत नाही, सांगा."

ताई शटर ओढत होत्या. त्यांनी ते अर्ध्यावर धरलं, वाकून पालथा पेला उचलला, आणि लोखंडावर एकदाच वाजवला.